टायटर भरपूर, पण मोकळ्या औषधाला दाद नाही : दुधातील सल्फाडिमिडीनसाठी प्रतिपिंडांची चाचणी उभारताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील एका प्रयोगशाळेत पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने जनावरांना देतात त्या सल्फाडिमिडीन या जंतुविरोधी औषधाचा दुधात उरणारा अंश ओळखण्यासाठी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांच्या साह्याने रंगावरून रेणू मोजणारी चाचणी, उभारायला घेतली आहे. तिने ग्लुटारअल्डिहाइड हे जोडणारे रसायन वापरून हे औषध बोवाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातील प्रथिनाला, म्हणजे बीएसएला, जोडले आणि दोन सशांना टोचले. त्याच पद्धतीने औषध ओव्हाल्ब्युमिन या अंड्यातील प्रथिनाला जोडून त्याचा प्लेटवर लेप दिला. चार बूस्टरनंतर टायटर, म्हणजे सशांचे सीरम किती विरल केले तरी प्लेटवर रंग येतो तो आकडा, १ : १,००,००० पर्यंत गेले. या चाचणीत नमुन्यातले मोकळे औषध प्रतिपिंडांना प्लेटवरून ओढून नेते आणि रंग उतरतो; पण मिलिलिटरमागे १००० नॅनोग्रॅम मोकळे औषध घातले तरी रंग जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतो. आता ससे बदलावेत, की थेट मोनोक्लोनलकडे, म्हणजे एकाच पेशीकुळातून मिळणाऱ्या एकसारख्या प्रतिपिंडांकडे, वळावे, असे तिने विचारले आहे.

तुम्ही यांपैकी काहीही तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सशांनी त्यांचे काम चोख केलेले दिसते. त्यांना जे दाखवले गेले त्याविरुद्ध त्यांनी प्रतिपिंडे तयार केली. आपण त्यांना नेमके काय दाखवले, हे मात्र पुन्हा तपासायला हवे, आणि ती तपासणी आठवडाभरात, आहे त्याच सीरमवर करता येते.

सल्फाडिमिडीनचा रेणुभार सुमारे २७८ आहे. एवढ्या लहान रेणूची प्राण्याची प्रतिकारसंस्था एरवी दखलच घेत नाही. तो मोठ्या प्रथिनाला चिकटवून दिला तरच त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. अशा लहान रेणूला आपण हॅप्टन म्हणतो आणि हा शब्द प्रतिकारशास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांच्यापासून चालत आला आहे. त्यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत साधी सुगंधी अमाइन्स (बेंझीनसारख्या वलयावर अमिनो गट असलेले रेणू) डायअझो अभिक्रियेने प्रथिनांना जोडली आणि वलयावरचा एकच गट ऑर्थो, मेटा की पॅरा जागी आहे एवढ्या फरकावरूनही प्रतिपिंडे रेणू वेगळे ओळखतात, हे दाखवून दिले. तुमचे औषधही सुगंधी अमाइनच आहे, त्यामुळे त्यांच्या त्या कामाशी तुमच्या अडचणीचा थेट संबंध आहे. प्रतिपिंड रेणूचा कोणता भाग पाहते, हे आपण तो रेणू कोणत्या टोकाने आणि कशाने जोडला यावर ठरते.

तुमच्या सीरममध्ये ढोबळमानाने तीन प्रकारची प्रतिपिंडे आहेत. काही बीएसएविरुद्ध आहेत; प्लेटवर ओव्हाल्ब्युमिन असल्याने ती बहुतांशी बाजूला पडतात. काही खरोखर औषधाविरुद्ध आहेत. उरलेली औषध आणि प्रथिन यांच्यामधल्या पुलाविरुद्ध, किंवा पूल आणि औषधाचे लगतचे टोक यांच्या एकत्रित आकाराविरुद्ध आहेत. ग्लुटारअल्डिहाइड हे रसायन दिसते तितके साधे नाही. द्रावणात ते स्वतःशीच जुळून लांब-आखूड साखळ्या करते, त्यामुळे तुमचा पूल नेमका पाच कार्बनांचा राहत नाही, आणि त्याविरुद्ध प्रतिसादही जोरकस मिळतो. टोचलेल्या प्रथिनावर जो पूल, तोच प्लेटवर. म्हणून पुलाची प्रतिपिंडे प्लेटला घट्ट बसतात, टायटर डोळ्यांत भरण्याइतके येते, आणि पूल नसलेल्या मोकळ्या औषधाला ती जागची हलत नाहीत. टायटर प्लेटवर किती प्रतिपिंडे बसली एवढेच सांगते. मोकळे औषध त्यांना प्लेटवरून ओढून नेते की नाही, हे त्यातून कळत नाही, आणि दुधात तर औषध मोकळेच असते. म्हणून सशाच्या अगदी पहिल्या चाचणी-रक्तापासून टायटरच्या शेजारी मोकळ्या औषधाची एक रांग लावावी आणि बूस्टर द्यायचा की थांबायचे हे त्या रांगेवरून ठरवावे, असा माझा आग्रह असतो.

पुलावर ठपका ठेवण्यापूर्वी एक साधी शक्यता मात्र तपासा. लेपाचे प्रतिजन मिलिलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम आणि सीरम १ : १००० असे तुम्ही घेतले असेल, तर प्रतिपिंडे इतकी मुबलक आहेत की मोकळ्या औषधाने काही अडवून धरली तरी प्लेट भरायला उरलेली पुरेशी असतात. स्पर्धेच्या चाचणीत प्रतिपिंड आणि लेप दोन्ही टंचाईत असावे लागतात. लेप १ मायक्रोग्रॅमपासून निम्मा-निम्मा करत ०.०५ पर्यंत आणा, सीरम १ : ५,००० पासून १ : २,००,००० पर्यंत विरल करा, आणि प्रत्येक जोडीला एक वेल (प्लेटमधला खळगा) औषधाविना व एक वेल १०० नॅनोग्रॅम औषधासह ठेवा. औषधाविना ओडी (यंत्राने मोजलेली रंगाची तीव्रता) १ च्या आसपास येते अशा जोड्यांपैकी ज्या जोडीत औषधाने सर्वांत जास्त उतार पडतो ती निवडा. अनेकांची चाचणी एवढ्याने सुधारते. तुमचा उतार १००० नॅनोग्रॅमलाही दहा टक्केच असल्याने तुम्हाला हे एकटे पुरेल असे वाटत नाही, पण पुढचे प्रयोग या पातळीवरच करायचे असल्याने हे आधी करणे भाग आहे.

पुलाचा दोष सिद्ध करायला दोन प्रयोग लागतात. पहिल्यात ओव्हाल्ब्युमिनला औषधाविना फक्त ग्लुटारअल्डिहाइड लावून उरलेले गट ग्लायसीनने बंद करा आणि त्याचा लेप द्या. सीरम त्यावरही ठळक रंग देत असेल तर पुलाची प्रतिपिंडे आहेत हे उघड झाले. दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे, आणि तो फारसे कोणी करत नाही. औषधाला ग्लुटारअल्डिहाइड लावून दुसरे टोक ग्लायसीनने बंद केलेले लहान मिश्रण बनवा व मोकळ्या औषधाच्या जागी स्पर्धक म्हणून वापरा. हे मिश्रण रंग झपाट्याने उतरवते आणि निव्वळ औषध उतरवत नाही, असे दिसले तर निदान पक्के झाले. स्पर्धकाच्या वेलमध्ये मोकळे ग्लुटारअल्डिहाइड उरलेले नाही याची खात्री करा, कारण ते प्रतिपिंडांनाच बांधून टाकेल आणि तुम्हाला खोटा उतार दिसेल.

निदान पक्के झाले की उपाय लेपात करायचा, सशात नाही. सल्फाडिमिडीन ओव्हाल्ब्युमिनला डायअझो पद्धतीने जोडा. औषध सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बर्फात ठेवा, सोडियम नायट्राइटचे थंड द्रावण थेंबाथेंबाने घाला आणि स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा होऊ लागला की थांबा. जास्तीचे नायट्राइट सल्फॅमिक आम्लाने घालवा. मग हे द्रावण पीएच ९ च्या बोरेट बफरमधील थंड ओव्हाल्ब्युमिनमध्ये हळूहळू सोडा आणि पीएच खाली घसरू देऊ नका. प्रथिनातील टायरोसीन व हिस्टिडीनवर अझो बंध तयार होतात आणि द्रावणाला पिवळसर नारिंगी रंग चढतो. नंतर दोन-तीन दिवस, बफर बदलत, थंडीत डायलिसिस करा. डायअझोनियम क्षार ५ अंशांच्या वर लवकर विघटित होतो. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४५ अंश असताना बर्फाच्या भांड्यातले पाणी पंधरा मिनिटांत कोमट होते, म्हणून बर्फात मीठ घाला, सर्व द्रावणे आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, आणि जमल्यास हे काम सकाळी लवकर उरका.

या नव्या लेपात औषध तेच आहे, ते जोडलेही त्याच टोकाने आहे, पण पूल निराळा आहे. पुलाच्या प्रतिपिंडांना आता प्लेटवर बसायला जागा उरत नाही. औषधाची प्रतिपिंडे या अनोळखी पुलावरच्या औषधाला थोड्या सैलपणे धरतात, आणि नमुन्यातले मोकळे औषध त्यांना सहज ओढून घेते. टायटर उतरेल, कदाचित दहापटीने उतरेल. त्याने खचू नका. याच मार्गावर आणखी एक पाऊल टाकता येते. लेपासाठी सल्फाडिमिडीनऐवजी सल्फामेराझीन जोडून पाहा. त्यात मिथाइल गट एकच कमी आहे. प्रतिपिंडे त्याला अजून सैल धरतात आणि बहुतेक वेळा चाचणीची संवेदनक्षमता आणखी वाढते.

किती संवेदनक्षमता हवी, हे हातात पिपेट घेण्यापूर्वी कागदावर मांडायला हवे होते, अजूनही मांडा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने दुधातील सल्फाडिमिडीनसाठी लिटरला २५ मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे. २७८ ने भागले तर हे साधारण ९० नॅनोमोलर होते. दूध दहापट विरल करायचे ठरवले तर वेलमध्ये ९ नॅनोमोलर, म्हणजे मिलिलिटरला २.५ नॅनोग्रॅम. तुमच्या आलेखाचा मध्य, जिथे रंग निम्मा होतो ते प्रमाण, या आकड्याच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवे. प्रतिपिंडाचा विघटन स्थिरांक (तो जितका लहान तितकी पकड घट्ट) काही नॅनोमोलर असला तरी हे साधते, आणि सशाच्या चांगल्या सीरमकडून एवढी अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. हाच हिशेब दुधातील अफ्लाटॉक्सिन एम१ साठी मांडला तर चित्र पालटते. आपल्याकडील मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०.०५, तिथे विरलीकरणाला वाव जवळजवळ नसतो आणि प्रतिपिंड कित्येक पटींनी सरस लागते. प्रत्येक रेणूसाठी हा हिशेब नव्याने करावा लागतो.

लेप बदलूनही मोकळे औषध दाद देत नसेल, तरच हॅप्टनची रचना पुन्हा करा, आणि तेव्हा चाचणीने कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे आधी लिहून काढा. सल्फा गटातील सर्व औषधांत पॅरा-अमिनोबेंझीन सल्फोनामाइड हा भाग समान असतो आणि त्यांचे वेगळेपण दुसऱ्या टोकाच्या वलयात असते. अमिनो टोकाने जोडले तर वेगळेपणाचे टोक प्रथिनापासून दूर, उघड्यावर राहते आणि प्रतिपिंडे एकाच औषधाला ओळखू लागतात. सर्व सल्फा औषधे एका चाचणीत पकडायची असतील तर उलट करावे लागते : दुसऱ्या टोकाकडून पूल बांधून समान भाग उघडा ठेवायचा. हे काम अवघड आहे. समान भाग लहान असल्याने प्रतिपिंडे त्याला सहसा तितक्या जोराने धरत नाहीत. अमिनो टोकाने जोडण्याचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. जनावराच्या शरीरात याच अमिनो गटावर अॅसिटिल गट बसून चयापचयज तयार होतो, आणि त्याचा आकार तुमच्या जोडणीसारखा असल्याने सीरम त्याला मूळ औषधापेक्षाही जास्त ओढीने धरू शकते. प्रतिपिंडे आणखी कोणत्या रेणूंना धरतात हे पाहताना हा चयापचयज वेगळा तपासल्याशिवाय विशिष्टतेचा दावा करू नका.

जोडणीच्या टोकाचे महत्त्व मॉर्फीनच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसते. मॉर्फीन आणि कोडीन यांत फरक तिसऱ्या कार्बनवरील ऑक्सिजनपाशी आहे. मॉर्फीन त्याच जागेतून किंवा लगतच्या सहाव्या जागेतून जोडले तर प्रतिपिंडे कोडीनलाही तितक्याच आनंदाने धरतात. नायट्रोजनच्या बाजूने जोडले तर दोन्ही वेगळे ओळखता येतात. प्रतिपिंडे अगदी निर्दोष असली तरी निष्कर्ष चुकू शकतो, हेही इथेच शिकायला मिळते. खसखशीत मॉर्फीनचा खराखुरा अंश असतो. दिवाळीत अनारसे पोटभर खाल्लेल्या माणसाच्या लघवीत तो उतरू शकतो, आणि चाचणी त्याला मॉर्फीन म्हणते, ते खरेच असते. म्हणूनच अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या चाचण्यांसाठी ओपिएटची सीमारेषा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. पेनिसिलीनच्या बाबतीत अडचण वेगळी : प्रथिनाला जोडताना त्याचे बीटा-लॅक्टम वलयच उघडते, त्यामुळे प्रतिपिंडे फुटलेल्या रेणूची होतात आणि दुधात शोधायचा असतो अखंड रेणू. त्या औषधगटाच्या अनेक तत्पर चाचण्यांत प्रतिपिंडांऐवजी जिवाणूंचे पेनिसिलीन बांधणारे प्रथिन वापरतात, त्यामागे हेही कारण आहे.

विदर्भात काम करणाऱ्याला कीटकनाशकांचा विचार सुटत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो आजारी पडले. तेव्हापासून अनेक तरुण संशोधक माझ्याकडे एकेका कीटकनाशकासाठी प्रतिपिंड बनवण्याची कल्पना घेऊन आले आहेत. त्यांची तळमळ मला मनापासून मोलाची वाटते. पण शेतात अनेकदा दोन-तीन रसायने मिसळून फवारली जातात, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरला पहिल्या तासात ऑर्गनोफॉस्फेट आहे की नाही एवढेच हवे असते. त्या क्षणी रक्तातील कोलिनेस्टरेज या ऑर्गनोफॉस्फेटने निकामी होणाऱ्या विकराची पातळी एका रेणूपुरत्या विशिष्ट प्रतिपिंडापेक्षा जास्त उपयोगी पडते. फळावर किंवा विहिरीच्या पाण्यात एका ठरावीक कीटकनाशकाचा अंश मोजायचा असेल तेव्हा प्रतिपिंड खरोखर कामी येते.

आता दुधाकडे येऊ, कारण बफरमध्ये सुरेख दिसलेली चाचणी बहुतेक वेळा इथे बिघडते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, कधी त्याहून जास्त. गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. गाईच्या दुधात बनवलेल्या प्रमाण-आलेखावर म्हशीचे दूध वाचले तर उत्तर सरळ चुकते. नमुना थंड अपकेंद्रण करून वरची साय काढा, खालचे दूध ट्वीन (साबणासारखे सौम्य द्रव्य) घातलेल्या फॉस्फेट बफरने किमान दहापट विरल करा, आणि औषध न दिलेल्या जनावरांचे दूध घालून प्रमाण-आलेख काढा. असे दूध गोठ्यावरून, जनावराच्या उपचारांची नोंद पाहून घ्या. बाजारातल्या पिशवीचे दूध औषधविरहित आहे असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दूध टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घातलेले नमुने तर स्वीकारूच नका. अझाइड चाचणीत रंग आणणाऱ्या एचआरपी विकराला निकामी करते, रंग उतरतो, आणि आपल्या चाचणीत रंग उतरणे म्हणजे औषध सापडणे. थेट पद्धतीत, जिथे विकर जोडलेला रेणू नमुन्याबरोबरच वेलमध्ये असतो, तिथे एका थेंब अझाइडने निर्दोष दुधावर ठपका बसतो आणि तो दूध घालणाऱ्याच्या पैशावर पडतो. अप्रत्यक्ष पद्धतीत धुण्यामुळे हा धोका बराच कमी होतो, तरी तुमच्या धुण्याच्या बफरमध्ये अझाइड नाही एवढे पाहा.

आणखी एक अनुभव सांगतो, कारण त्यात माझा एक अख्खा मे महिना गेला. मी तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे ‘खोलीच्या तापमानाला एक तास’ असे पद्धतीत लिहिलेले होते, आणि खोलीचे तापमान सकाळी २७ तर दुपारी कूलर बंद पडला की ३९ असे. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये रीडिंग आतल्यांपेक्षा एकतृतीयांशाने जास्त येऊ लागले. मी आधी लेपावर, मग दुय्यम प्रतिपिंडावर, मग पाण्यावर शंका घेतली. कडेच्या वेल लवकर तापत होत्या आणि त्यांतील पाणी उडत होते, एवढेच कारण निघाले. त्यानंतर मी कोणत्याही पद्धतीत ‘खोलीचे तापमान’ लिहिले नाही. तुम्हीही २५ किंवा ३७ असा आकडा लिहा, इन्क्युबेटर वापरा, प्लेट झाकून ठेवा, प्लेटा एकावर एक रचू नका आणि कडेच्या रांगेत फक्त बफर भरा. सीरमचेही तसेच : १०० मायक्रोलिटरचे लहान भाग करून उणे २० अंशांना ठेवा, आणि ते निदान दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये विभागा, कारण उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा एकच फ्रीजर असणाऱ्याचे सर्व काही एकदम जाते.

मोनोक्लोनलबद्दल तुम्ही विचारले आहे. कोलर आणि मिलस्टीन यांची १९७५ ची पद्धत अमूल्य आहे, कारण एकच प्रतिपिंड वर्षानुवर्षे सारखे मिळते. पण उंदरालाही तुम्ही हाच पूल दाखवाल आणि क्लोन याच लेपावर निवडाल, तर पुलाला ओळखणाराच क्लोन मोठ्या कष्टाने हाती येईल. साठ्याची चिंताही आज नको. सीरम १ : ५०,००० विरल वापरले तर एका मिलिलिटरमधून ५० लिटर द्रावण होते, वेलला ५० मायक्रोलिटर धरल्यास ९६ वेलच्या एका प्लेटला ४.८ मिलिलिटर लागते. म्हणजे एका मिलिलिटर सीरमवर दहा हजारांच्या आसपास प्लेटा निघतात.

शेवटी चाचणी उभी राहिली की सीमारेषा ठरवावी लागेल. किमान वीस वेगवेगळ्या गोठ्यांचे निर्दोष दूध घ्या, त्यात गाई आणि म्हशी दोन्ही असू द्या, आणि प्रत्येक नमुना तसाच एकदा व मर्यादेच्या निम्मे औषध, म्हणजे लिटरला १२.५ मायक्रोग्रॅम, मिसळून एकदा तपासा. चाळणी चाचणीत दोषी नमुना सुटण्याचे प्रमाण पाच टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणून औषध मिसळलेल्या वीसांपैकी एकाहून जास्त सुटले तर सीमारेषा आणखी कमी औषधाच्या प्रमाणावर आणा. निर्दोष नमुने थोडे जास्त अडकले तरी चालेल, कारण अडकलेला प्रत्येक नमुना एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, पुन्हा तपासल्याशिवाय कोणत्याही दूध उत्पादकाविरुद्ध अहवाल द्यायचा नाही. ते यंत्र तुमच्याकडे नसेल तर ज्या प्रयोगशाळेत आहे तिच्याशी आजच बोलून ठेवा आणि डायअझो लेप तयार होईपर्यंत गोठ्यांचे नमुने गोळा करून गोठवायला सुरुवात करा.